उस्तो हयितांची मूठ

बुखाऱ्याच्या आमच्या हमामात शिरताना जोडे काढायचे ते उस्तो, म्हणजे उस्ताद, हयितांच्या स्वाधीन करायचे, आणि जाताना त्यांच्याकडूनच परत मागायचे. देणं सोपं होतं. मागून मिळवणं मात्र भल्याभल्यांना जमलं नाही. उस्तो सगळे जोडे एका लाकडी पेटीत टाकायचे, पेटीला कुलूप लावायचे आणि वर स्वतः बसायचे.

"उस्तो, द्या हो जोडे. अख्खा बोकड टांगून आलोय दुकानात," शरीफ-अका खाटीक अंगाला चादर गुंडाळून गयावया करायचा. मी नुकतंच त्याला तासभर रगडलेलं असायचं. अंग लालभडक आणि कपाळावर घाम.

"बोकड पळून जाणार आहे का?" उस्तो म्हणायचे.

"गिऱ्हाईक पळेल ना!"

"पळू दे. तुझा पहिला पियाला अजून तसाच आहे. बस. डोकं झाक, कान झाक. कान उघडे ठेवायला तू काय ससा आहेस?"

"हा हमाम आहे की तुरुंग?"

"तुरुंगात चहा देतात का रे?"

मग शरीफ-अका मुकाट्याने पडायचा. पाठीखाली गरम गादी, अंगावर दुहेरी चादर, हातात हिरव्या चहाचा पियाला आणि बशीत खडीसाखर, बेदाणे. पहिला पियाला गरम दगडावर गेलेलं पाणी भरून काढतो, दुसरा घाम आणतो, तिसरा तो घाम सुकेपर्यंत माणसाला जागेवर बसवून ठेवतो. तोवर दाराशी उभं राहायचं नाही. त्या दिवशी ओझं उचलायचं नाही, गार कलिंगड खायचं नाही, बायकोशी भांडायचं नाही. हे शेवटचं उस्तोंनी पदरचं घातलं होतं. "दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तर घाबरू नका," ते प्रत्येकाला सांगायचे, "हळूहळू चाला, कोमट पाणी प्या. चौथ्या दिवशीही दुखलं तर मात्र इथे या. ते दुखणं तुमचं नाही, आमचं आहे."

आणि कुणी फारच घाई केली, कुणाचं लग्न, कुणाची पंगत आडवी आली, की पेटीवर उजव्या हाताची थाप मारून म्हणायचे, "पलाव गार झाला तर पुन्हा गरम करता येतो. माणूस नाही करता येत."

गिऱ्हाईक हसायचं. आतल्या दालनात दगडी ओटा धूत असताना ते वाक्य माझ्या कानावर पडायचं आणि त्या वाफेतसुद्धा माझं अंग गार पडायचं. एकोणीस वर्षं मी ते वाक्य ऐकलं. ते मला उद्देशून होतं की नव्हतं हे मला कधी कळलं नाही. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

उस्तो ईदच्या दिवशी जन्मले म्हणून त्यांचं नाव हयित. जोड्यांच्या पेटीवर बसण्याआधी तीस वर्षं त्याच ओट्यावर ते अंगं रगडत होते. त्यांचे हात नान भाजणाऱ्या नानवाईच्या हातांसारखे रुंद आणि उबदार होते. लोक म्हणत, हयितचा डावा हात दुखणं शोधतो आणि उजवा ते बाहेर काढतो. त्यांना मूल एकच, लेक बार्नो, ती लग्न होऊन नवोईला गेली. घरी ते आणि सोलेहा-यांगा. यांगा म्हणजे वहिनी. उस्तोंच्या बायकोला आम्ही सगळे तसंच म्हणतो.

मी, नरझुल्लो, सहा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलो. पहिली दोन वर्षं नुसता ओटा धुतला आणि आलं, मध, मिरी वाटून लेप केला. तिसऱ्या वर्षी त्यांनी मला पहिल्यांदा एका माणसाच्या पाठीला हात लावू दिला आणि लगेच मनगटावर फटका मारला.

"कुठे बघतोयस?"

"पाठीकडे, उस्तो."

"पाठ काय बोलणार आहे? पंजा बघ. आपले पुरुष तोंडाने कधी दुखतंय म्हणत नाहीत. मेले तरी म्हणणार नाहीत, बापाचं नाव जातं ना! पण पंजा खोटं बोलत नाही. उघडा असेल तर चालू दे. मूठ मिटली की थांबायचं. तिथल्या तिथे. कळलं?"

"कळलं."

"तोंडाने तो आणखी जोरात म्हणाला तरी?"

"तरी थांबायचं."

हे एवढंच त्यांचं शास्त्र. बाकी सगळं अंगमेहनत.

आमच्यात शागिर्द तयार झाला की कमर बांधण्याचा दिवस ठरतो. त्या दिवशी शागिर्द आपल्या उस्तोला ओट्यावर घेतो आणि बाहेरगावचे उस्तो भोवती बसून बघतात. मन भरलं की ओट्यावरचा उस्तो म्हणतो, "बरकल्लो!" म्हणजे शाब्बास, पुरे. मग शागिर्दाने आपल्या हाताने त्याला गुंडाळायचं, शेजारी बसून तीन पियाले पाजायचे, आणि मग सगळ्यांनी शागिर्दाच्या घरी जायचं. तिथे उस्तो त्याच्या कमरेला पट्टा बांधतो. गाठ बसली की पलावच्या कढईचं झाकण निघतं. त्याआधी खुद्द बुखाऱ्याचा अमीर दारात आला तरी झाकण निघत नाही.

माझा दिवस फेब्रुवारीत होता. बाहेर हौदावर बर्फाचा पापुद्रा. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि आपल्यासारखा दुसरा नाही अशा तोऱ्यात होतो. चार उस्तो आले होते. त्यांतला गिझदुवानचा जहोंगीर मोठा फटकळ. मी उस्तोंच्या पाठीवर नीट, शिकवल्याप्रमाणे हात चालवत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "अरे हयित, हा तर कणीक मळतोय! याला तंदूरवर बसवायचा, इथे कशाला आणलास?"

बाकीचे हसले. उस्तोही हसले, त्यांची पाठ हसण्याने हलली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी डाव्या खांद्याच्या वर, मान जिथे खांद्याला मिळते त्या खोबणीत कोपर घातलं आणि अंगाचा भार दिला. उस्तोंचा डावा हात ओट्यावरून खाली लोंबत होता. पंजा उघडा होता.

तो मिटला.

मी तो पाहिला. आज मी हे स्पष्ट लिहितो, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत होतो की वाफ फार होती, दिसलं नाही, घाम डोळ्यांत गेला. सगळं खोटं. मी मूठ पाहिली, माझा हात थांबला, मी जहोंगीरकडे पाहिलं, आणि पुन्हा कोपर दाबलं. पहिल्यापेक्षा जोरात.

"बरकल्लो," उस्तो म्हणाले. आवाज बारीक होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जहोंगीर म्हणाला, "हां, आता मर्दाचा हात वाटतोय." मला त्या वेळी जो आनंद झाला त्याची आज किळस येते.

मी त्यांना गुंडाळलं. पहिला पियाला दिला. एवढ्यात माझा थोरला भाऊ दारातून डोकावला. "नरझुल्लो, ऐंशी माणसं येऊन बसलीत! आचारी ओरडतोय, भात फुटेल म्हणतो. तू पुढे नको व्हायला?"

"जा, जा," उस्तो म्हणाले, "मी येतो मागून."

त्यांनी जा म्हटलं तरी जायचं नसतं. पण मी चहाची किटली दुसऱ्याच्या हाती दिली आणि गेलो. घरी पाहुणे, सुरनाई, ढोल. सगळे माझ्या पाठीवर थाप मारत होते. अर्धा तास गेला, उस्तोंचा पत्ता नाही. आचारी माझ्याकडे बघायचा, मी भावाकडे. शेवटी मी भावाला मोटारसायकल घेऊन धाडलं. "उस्तोंना म्हणावं, पलाव गार होतोय."

हे शब्द माझे होते. दुसऱ्या कुणाचे नव्हते.

ते आले. ओलसर सदऱ्यावर कोट चढवून, मोटारसायकलच्या बाजूच्या उघड्या डब्यात बसून, त्या फेब्रुवारीच्या वाऱ्यात. ओठ निळे पडले होते. मी पुढे होऊन उभा राहिलो. त्यांनी पट्टा माझ्या कमरेभोवती फिरवला, दोन्ही टोकं हातात घेतली. उजव्या हाताने टोक ओढलं, डाव्यातलं निसटलं. पुन्हा घेतलं, पुन्हा निसटलं. लोक बघायला लागले. उस्तोंनी वर पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "आता काय सगळं मीच करायचं? गाठ तू मार, दुआ मी देतो!"

ऐंशी माणसं खो खो हसली. मी स्वतःच्या हाताने स्वतःची कमर बांधली. आमच्या हमामात असं आधी कधी झालं नव्हतं. झाकण निघालं, पलाव कढत होता. मेला गार वगैरे काही झाला नव्हता.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. त्याआधी जायला हवं होतं, पण पाय उचलला नाही. यांगाने त्यांच्या खांद्यावर गरम मिठाची पिशवी आणि मेंढीची चरबी बांधली होती.

"बघ ना रे," ती म्हणाली, "तुझ्या घरून येताना हौदाकाठी घसरले म्हणे बर्फावर. या वयात यांना कुणी सांगितलं होतं तिकडून यायला?"

मी उस्तोंकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

"बर्फ फार होता," मी म्हणालो. आणि मान डोलावली.

कोपराची चूक एका क्षणाची होती. चहाची अर्ध्या तासाची. पण ती मान मी एकोणीस वर्षं डोलावत राहिलो.

इस्पितळातल्या डॉक्टरने मानेतली नस दुखावल्याचं सांगितलं. काय दबली, कशाने दबली, वाऱ्याने बिघडली की माझ्या कोपराने, ते त्याला सांगता येईना आणि मी तोंड उघडेना. वर्षभरात डावा दंड बारीक झाला, बोटं आत वळली आणि तशीच राहिली. ओटा माझ्याकडे आला. उस्तोंनी व्यवस्थापकाला सांगून बाहेरची कोरडी खोली मागून घेतली. जोड्यांची पेटी त्यांनीच सुताराकडून करवली. त्यांच्या आधी आमच्याकडे जोडे दाराशीच पडलेले असत आणि माणसं वाटेल तेव्हा उठून जात.

मी करायचं ते सगळं केलं. दर शुक्रवारी त्यांच्या घरी मांस, तेल, टरबूज. थंडीआधी छपराची डागडुजी. यांगा शेजारणींना सांगायची, "पोटचा मुलगा करणार नाही इतकं नरझुल्लो करतो." मग ती माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून दुआ द्यायची आणि मी काहीतरी निमित्त काढून लवकर निघायचो. गावात माझं नाव झालं. लोक म्हणत, नरझुल्लोचा हात म्हणजे हयितचाच. हे ऐकून तर धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मी झाकून ठेवली होती, आणि रोज उस्तोंची समोर दिसत होती.

यंदा शरदात यांगा गेली. बार्नोने हट्ट धरला, आता बाबांनी नवोईला यायचं, कायमचं. बुधवारी जावई गाडी घेऊन येणार होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस एकदा लेकीकडे गेला की परत येत नाही. मला सांगायचं असेल तर आता, नाहीतर कधीच नाही. सोमवारी मी पेटीपाशी गेलो आणि खडीसाखर संपलीय असं सांगून परत आलो. मंगळवारी कोळशाबद्दल बोललो.

बुधवारी सकाळी हमाम उघडल्या उघडल्या उस्तो माझ्यासमोर लुंगी लावून उभे.

"मला ओट्यावर घे."

"उस्तो, प्रवास आहे तुम्हाला..."

"दुपारी आहे. तिसऱ्या पियाल्याला वेळ आहे. घाबरलास का?"

त्या दिवसानंतर ते कधी ओट्यावर पडले नव्हते. पालथे झाले. पाठ म्हाताऱ्या गाढवासारखी, सगळा कणा वर आलेला. मी हात ठेवले आणि सवयीने त्यांच्या डाव्या पंजाकडे पाहिलं. बोटं वळलेली, मूठ मिटलेली. ती तर कायमचीच मिटलेली होती.

"काय बघतोयस?" ते दगडाला गाल लावून म्हणाले. "तो आता काही सांगत नाही. मीच सांगेन तोंडाने."

माझे हात तिथेच राहिले.

"उस्तो, त्या दिवशी मी मूठ पाहिली होती."

पाणी ठिबकत होतं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुझं कोपर थांबलं होतं ना. न बघणाऱ्याचं कोपर थांबत नाही."

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की छातीवरचा दगड उतरेल. तो उलट आणखी जड झाला. एकोणीस वर्षं मी ज्यांच्यापासून लपवत होतो, त्यांना पहिल्या घटकेपासून माहीत होतं. ते माहीत असताना त्यांनी माझ्या गिऱ्हाइकांना चादरी गुंडाळल्या, किटल्या उचलल्या, माझं नाव झालेलं पाहिलं. मला रडू फुटलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, ओट्याला धरून हुंदके देत होतो.

"रड, पण हात चालव," उस्तो म्हणाले. "पाठ गार पडतेय."

मी हात चालवले, अगदी हलके.

"तुम्ही बोलला का नाहीत? यांगाला तरी?"

"काय बोलू? हयितच्या शागिर्दाने हयितलाच मोडला? मग तुला कोण ओट्यावर उभं करणार होतं? आणि मलाही तोंड होतंच की. 'थांब' म्हणालो असतो तर तू थांबला असतास. पण जहोंगीर बघत होता ना! मीही त्याच मातीचा." ते जरा हसले. "तरी राग होता मला. खूप वर्षं होता. मुठीचा नव्हता तेवढा. त्या निरोपाचा होता. पलाव गार होतोय म्हणे."

मी खांद्याला वळसा घालून हात खाली नेले.

"बरकल्लो," ते म्हणाले. मी लगेच थांबलो.

त्यांना कोरड्या खोलीत नेलं, दुहेरी चादर गुंडाळली, कान झाकले, पायाखाली उशी दिली. दाराला आतून कडी घातली. पहिला पियाला मी त्यांच्या ओठांना लावला. दुसऱ्याच्या वेळी मी कमरेचा पट्टा सोडला आणि त्यांच्यासमोर धरला.

"उस्तो, एक टोक मी धरतो. एका हाताने का होईना, तुम्ही बांधा."

त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाही," ते म्हणाले. "राहू दे तुझीच गाठ. या एकोणीस वर्षांत कुणाची मूठ मिटली आणि तू थांबला नाहीस, असं झालं का?"

"नाही, उस्तो. एकदाही नाही."

"मग? मी बांधली की तू विसरशील."

मी पट्टा परत कमरेला गुंडाळला. बाहेर गाडी येऊन थांबली, जावयाने भोंगा वाजवला. मी तिसरा पियाला भरला आणि जोड्यांच्या पेटीवर जाऊन बसलो.

"जोडे दे," उस्तो म्हणाले.

"तिसरा पियाला संपवा आधी."

"जावई खोळंबलाय."

"खोळंबू दे."

त्यांनी पियाला उजव्या हातात धरला आणि कितीतरी वेळ नुसता धरून ठेवला. पिईनात. भोंगा पुन्हा वाजला. मग त्यांनी एका दमात तो रिकामा केला आणि पालथा ठेवला.

मी कुलूप काढलं, त्यांचे जोडे आणले आणि पायांशी बसलो. जोड्यांना नाड्या होत्या. रोज त्या यांगा बांधून द्यायची.

"गाठ तू मार," उस्तो म्हणाले.

पुढचं वाक्य मला पाठ होतं. खाली मान घालून मी त्याची वाट पाहत राहिलो. त्यांनी ते म्हटलं नाही. त्यांनी उजव्या हाताने आपला डावा हात उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. तो उघडत नाही, मूठच होती ती.

माझे हात नाडीवर होते तिथेच थांबले. बाहेर जावई भोंगा वाजवत होता, आणि ती मूठ उचलली जाईपर्यंत मी हललो नाही.